पाकिटावरचं अक्षर

"तुम्हाला काय विसरायचंय?"

नवीन आलेल्या माणसाला बाई पहिला प्रश्न हाच विचारायच्या. माणूस बिचारा दवाखान्याचं नाहीतर गावच्या घराचं काम घेऊन आलेला असायचा. दातांचे एक डॉक्टर तर घाबरून उठलेच. त्यांना वाटलं, आपण चुकून डोक्याच्या डॉक्टरकडे आलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "बसा हो. नवीन भिंत घालणाऱ्या प्रत्येकाला जुनं काहीतरी झाकायचं असतं. ते आधी कळलं की माझा नकाशा लवकर होतो." डॉक्टर बसले आणि पुढचा अर्धा तास सोडून गेलेल्या भागीदाराबद्दल बोलत राहिले. बाईंनी त्यांना दवाखाना काढून दिला तो दोन खुर्च्यांचा. दुसरी खुर्ची डॉक्टरांनी कधी आणली नाही, पण जागा अजून तशीच आहे. मी माझी दाढ तिथंच काढून घेतली.

बाईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं मी त्यांच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात होते. ऑफिस गिरगावात, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानाच्या वर. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं, मागच्या दोन खोल्यांत बाईंचा एकटीचा संसार. घराणं पाठारे प्रभूंचं. मुंबईत आपण कितव्या पिढीपासून आहोत हे त्या कधी सांगत बसायच्या नाहीत, पण साडेबाराला आतून कोळंबीच्या आटल्याचा, त्या घट्ट कालवणाचा वास आला की आमचे हात आपोआप माऊसवरून उठायचे. मग बाई दारात येऊन विचारायच्या, "कोणाचा डबा आज वाईट आहे?" ज्याचा वाईट असेल त्याला आत बोलावणं. मी सहा वर्षांत कितीतरी वेळा खोटं बोलले.

सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. शिवाजी पार्कात नेटला येणारी पोरं घालतात तसले. पर्समध्ये गवंड्याचा पितळी ओळंबा. कुणाकडे गेल्या की बोलता बोलता दोरी सोडून भिंत सरळ आहे का ते बघायच्या. माझं लग्न दादरच्या एका हॉलमध्ये झालं. मंगलाष्टकं चालू असताना बाई अक्षता मुठीत धरून पूर्वेच्या भिंतीशी ओळंबा लावून उभ्या. मग थेट माझ्या सासूबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "भिंत पाऊण इंच बाहेर गेलीय. पंगत त्या बाजूला नको." सासूबाईंनी त्यांना आयुष्यभर माफ केलं नाही. पंगत मात्र दुसऱ्या बाजूला बसली.

ऑफिसात 'सुंदर' या शब्दाला बंदी होती. कुणी म्हणालंच, तर बाई विचारायच्या, "सुंदर म्हणजे कुणाच्या सोयीचं?"

एक गोष्ट मला उलगडायची नाही. हातानं काढलेल्या रेषेवर बाईंचा जीव, पण नकाशावर स्वतःच्या हातानं एक अक्षर लिहायच्या नाहीत. खोलीचं नाव, माप, तारीख, सगळं आम्ही लिहायचं. कॉलेजातले त्यांचे नकाशे मी एकदा माळ्यावरून काढून पाहिले होते. शिसपेन्सिलीतलं इतकं नेटकं अक्षर की छापल्यासारखं. मी विचारलं तर म्हणाल्या, "हात बिघडला माझा." हात तर ठणठणीत होता.

अशा बाईंकडे संग्रहालयाचं काम आलं.

लालबाग आणि चिंचपोकळीच्या मधल्या एका बंद गिरणीच्या जमिनीवर टॉवर उठले होते. उरली होती एक चिमणी आणि साळखात्याची शेड, म्हणजे जिथं कापड विणलं जायचं ती. तिथं देशाच्या वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलं. त्यासाठी समिती नेमली गेली. समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी, गोड बोलणारे. ते स्वतः गिरगावात जिना चढून आले. बाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला.

अध्यक्ष हसले. "बाई, इथं उलटं आहे. आम्ही आठवण्यासाठी बांधतोय."

"मग काय काय आठवायचं त्याची यादी द्या. उरलेलं मी समजून घेते."

यादी आली. पहिली गिरणी, कापूस, स्वदेशी, निर्यात, मुंबईची भरभराट. सगळ्यात शेवटी एक ओळ होती : 'काही काळ उत्पादनात खंड पडला.'

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हा खंड म्हणजे?"

"तो संपाचा काळ. त्यात कशाला जायचं? अजून भांडणं होतात हो लोकांत."

"जिथं अजून भांडण होतं तेवढंच जिवंत आहे. बाकीचं शाळेच्या पुस्तकात मिळतं."

लालबाग-परळमध्ये नुसतं 'संप' म्हटलं की पुरतं. कुठला, कधीचा, हे कुणी विचारत नाही. सगळ्या गिरण्यांचं काम थांबलं, वर्ष उलटलं तरी मिटलं नाही, आणि मग गिरण्याच राहिल्या नाहीत. घरंच्या घरं उठून गावी गेली. चूक कोणाची, यावर त्या चाळींत आजही दोन माणसांचं एकमत होत नाही. बाईंनी नकाशात दोन दालनं कापसाला आणि यंत्रांना दिली, आणि शेडच्या बरोबर मध्यभागी तिसरी खोली काढली ती संपाची. तिथं संपवाल्यांचं म्हणणं असेल, संप मोडून कामावर गेलेल्यांचं असेल, ऑफिसातल्या बाबूंचं आणि मालकांचंही असेल. प्रत्येकाचं त्याच्या स्वतःच्या शब्दांत. खरं कोण, हे इमारत सांगणार नाही. पहिल्या दालनातून दुसऱ्यात जायचं तर या खोलीतूनच जावं लागेल, वळसा घालायला वाट नाही.

काम सुरू करण्याआधी बाई मला घेऊन त्या शेडमध्ये अख्खी पाळी उभ्या राहिल्या. सकाळी सातपासून दुपारी साडेतीनपर्यंत. बसायचं नाही, कारण कामगार बसत नव्हते. छप्पर करवतीच्या दातांसारखं, त्यातून उत्तरेचा उजेड खाली यायचा. तो कुठून कुठं सरकतो हे बाई खडूनं जमिनीवर आखत होत्या. दुपारी बारापर्यंत माझ्या पायांना गोळे आले. वॉचमनला वाटलं आम्ही कसलातरी नवस फेडतोय.

दोनच्या सुमाराला एक सडपातळ म्हातारे आत आले. हे गावडे मामा. याच साळखात्यात त्यांनी सांचे चालवले होते. सांचा म्हणजे माग. संपात शेवटपर्यंत राहिलेले, आणि मालवणी अजून न सोडलेले. त्यांनी खडूच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाले, "बाईनू, उभ्या रवान काय कळतला? आवाज खय आसा?"

त्यांनी सांगितलं, सांच्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. मग ओठांवरून वाचायचं, हातांनी सांगायचं. त्यांच्या घरात भांडणं अजून अशीच होतात, आवाज न करता.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी समितीला कळवलं : एक सांचा दुरुस्त करून रोज दहा मिनिटं चालवायचा. अध्यक्षांचा फोन आला. शेजारच्या टॉवरमधले लोक तक्रार करतील.

"करू देत," बाई म्हणाल्या. "आपण कशावर राहतो ते त्यांना कळेल तरी."

तिसऱ्या खोलीसाठी कागद हवे होते. बाईंनी लालबागच्या चाळींत निरोप पाठवला : संपाच्या वेळचं जे काही जपून ठेवलं असेल ते घेऊन या. चाळीस-पन्नास माणसं जिना चढून आली. कुणी पितळी बिल्ला आणला, कुणी सभेचं पत्रक. गावडे मामांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पाकीट काढलं. आत गिरणीचं पत्र होतं : हजेरीपटावरून आपलं नाव कमी करण्यात आलं आहे.

"टपालान इला," मामा म्हणाले. "बायलेन वाचून दाखवल्यान. तेव्हापासून पाकीट काय टाकवला नाय."

बाईंनी पत्र वाचलं नाही. त्या पाकिटाकडे बघत होत्या, पत्ता लिहिलेल्या बाजूकडे. मग उठून आत गेल्या. मोरीत बराच वेळ नळ वाहण्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "आज बंद कर ऑफिस." त्यांना भर दुपारी ऑफिस बंद करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर ते पाकीट होतं आणि शेजारी त्यांचा कॉलेजातला एक नकाशा. मला काही सांगावं लागलं नाही. दोन्हींवर अक्षर एकच होतं.

"वडील त्याच गिरणीत लेबर ऑफिसर होते," बाई म्हणाल्या. "ती पत्रं गठ्ठ्यानं घरी यायची. ते जेवणाच्या टेबलावर बसून सह्या करायचे. मी नुकतीच आर्किटेक्ट झाले होते, काम नव्हतं. म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, पत्ते लिही. मी लिहिले. लालबाग, परळ, काळाचौकी. दोन आठवडे लिहीत होते. चाळींची नावं पाठ झाली होती मला."

"तुम्हाला माहीत होतं आत काय आहे?"

"माहीत होतं. आई एकदा वडिलांना म्हणाली, इतक्या लोकांची पोरं काय खातील? ते म्हणाले, मी फक्त सही करतो. आणि मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, आई, मी तर फक्त पत्ता लिहिते."

त्यांनी पाकीट नकाशावर ठेवलं. मग म्हणाल्या, "हे पाकीटही तिसऱ्या खोलीत जाणार. माझ्या नावासकट."

त्यानंतर आठवड्याभरातच मला अध्यक्षांनी बोलावलं. एकटीला. चहा मागवला, नवऱ्याची चौकशी केली. "तुम्ही समजूतदार आहात," म्हणाले. "बाईंचं वय झालंय. तुम्ही एक पर्याय काढून ठेवा. तिसऱ्या खोलीच्या जागी भेटवस्तूंचं छोटं दुकान. नुसता पर्याय हो. आणि पुढची कामं कोणाला द्यायची ते समितीच ठरवते."

मी तो काढला. हे लिहिताना आजही मला माझा राग येतो. ऑफिसातली बाकीची मंडळी गेल्यावर काढला आणि छापायला टाकला, तर मशीनमध्ये कागद संपला. मी मुकाट्यानं घरी गेले. सकाळी कुणीतरी कागद भरला आणि माझा नकाशा सगळ्यांसमोर बाहेर आला.

बाईंनी तो टेबलावर पसरला, नीट पाहिला.

"चांगला काढलायस. दुकानाचं दार बरोबर जागी आहे. आता खाली तुझं नाव लिही."

"बाई, हा नुसता पर्याय आहे."

"पाकिटावरचा पत्ताही नुसता पत्ताच होता. लिही नाव."

त्यांनी पेन पुढं केलं. मला ते हातात धरवेना. मी नकाशा फाडायला गेले, तर बाईंनी माझं मनगट पकडलं. त्यांची पकड जबरदस्त होती.

"फाडायचा नाही. फाडणं सोपं असतं. फाइलला लाव."

त्या मला ओरडल्या नाहीत. दुपारी आत जेवायलाही बोलावलं. मी नुसता भात चिवडत होते, आणि बाई आटलं वाढत विचारत होत्या, "मीठ बरोबर आहे ना?"

मग ती सभा झाली. लालबागमधल्या एका गणेश मंडळाच्या हॉलमध्ये समितीनं नकाशे मांडले आणि लोकांना बोलावलं. हॉल भरून माणसं बाहेर रस्त्यापर्यंत उभी होती. पुढच्या रांगेत गावडे मामा. मागे खांबाला टेकून शिंदे उभे होते. हे साताऱ्याकडचे, मामांच्याच मजल्यावर राहणारे. संप चालू असताना कामावर गेले होते. तेव्हापासून एका मजल्यावर राहून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

बाईंनी तिसरी खोली समजावून सांगितली. शिंद्यांचं नाव आलं आणि मामा उठले.

"त्याचा तोंड माझ्या तोंडाबरोबर एका भिंतीर नको! संप फोडल्यान त्यानी."

सगळीकडून आरडाओरडा झाला. शिंदे खांब सोडून पुढं आले. "माझी बायकू सातव्या म्हैन्यात हुती. ट्रकमदी पोत्याखाली बसून आत गेलो म्या. सुखानं गेलो व्हय? गिरणीनं शेवटी मला बी घरीच बसवलं. पर म्या नळावर आलो की तू तुझी बादली उचलून न्यायचास, गावड्या. पोराच्या बारशाला चाळीतलं एक माणूस आलं न्हाई."

"बघा," अध्यक्ष मायक्रोफोन हातात घेऊन म्हणाले, "म्हणूनच मी म्हणत होतो. जुन्या जखमा कशाला उकरायच्या? ती खोली आपण रद्द करू."

बाई उठल्या. त्यांनी मायक्रोफोन मागितला नाही. त्यांचा आवाज तसाही रस्त्यापर्यंत जायचा.

"रद्द करायच्या आधी आणखी एक तोंड बघून घ्या. गावडे मामा, तुमच्या पाकिटावरचा पत्ता मी लिहिलाय. माझे वडील सह्या करायचे आणि मी पत्ते लिहायचे. तुमचा एकट्याचा नाही, इथं बसलेल्या कितीतरी जणांचा. माझ्या अक्षरात तुमच्या घरी ते पत्र आलं. त्या भिंतीवर शिंद्यांचं तोंड नको असेल तर माझंही नको. पण मग ती भिंत खोटी होईल. खोटी भिंत मी बांधत नाही."

मामा बाईंकडे टक लावून बघत होते. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

अध्यक्षांनी संधी साधली. "हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं. अशा व्यक्तीकडे हे काम ठेवणं योग्य नाही. समिती दुसरा आर्किटेक्ट नेमेल." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हणाले, "ती खोली काढून टाकायचा नकाशा मी अध्यक्षांच्या सांगण्यावरून चोरून काढलाय. तो आमच्या फाइलमध्ये आहे. त्यावर मी काल नाव लिहिलंय. तोही तिसऱ्या खोलीत लावा."

मग गावडे मामा व्यासपीठाच्या पायरीवर चढले. अध्यक्षांकडे बोट करून म्हणाले, "ह्या बायन कबूल केल्यान. ह्या चेडवान केल्यान. तुमच्यातलो एक तरी करता काय? मी तिका माफ करूक नाय. आयकलास मां? माफ करूक नाय! पण काम तिनाच करूक होया."

मागून टाळ्या वाजल्या नाहीत. लोक नुसते उभे राहिले. एकेक करत अख्खा हॉल उभा राहिला. इतक्या उभ्या माणसांसमोर समितीला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले.

इमारत बांधून झाली. ओळंबा सोडून बाईंनी प्रत्येक भिंत तपासली, दोन भिंती पाडून पुन्हा बांधायला लावल्या. पण खोली उभी राहिली तरी आत काय लावायचं हे समितीच्या हातात होतं. समितीनं काहीच लावलं नाही. शिवाय कडेची एक भिंत फोडून पाहुण्यांसाठी वळशाची वाट काढली आणि तिसऱ्या खोलीला कुलूप लावलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्हाला हे कळलं. मी बाईंना म्हणाले, "आपण जायचंच नाही."

"न जाऊन कसं चालेल? ते तर त्यांना हवंच आहे."

उद्घाटनाच्या सकाळी बाई त्या कुलपासमोर जाऊन फरशीवर मांडी घालून बसल्या. साठी केव्हाच ओलांडलेली, गुडघे दुखरे. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं गावडे मामा आले, मग शिंदे, मग चाळींतली माणसं, म्हाताऱ्या बायका, त्यांच्या सुना. वळशाची वाट माणसांनी भरून गेली. प्रमुख पाहुणे कापसाच्या दालनात येऊन थांबले. पुढं जायला जागाच नव्हती.

अध्यक्ष घाईनं आले. "बाई, उठा हो. हे काय मांडलंय? आत काहीही नाही. रिकामी खोली आहे."

"मग कुलूप कशाला?"

मागून कुणीतरी विचारलं, "पुढं का नाही जात?" अध्यक्षांनी गार्डला खूण केली. कुलूप निघालं.

खोली खरंच रिकामी होती. चार पांढऱ्या भिंती आणि वरून उतरणारा उत्तरेचा उजेड. लोक आत शिरले आणि कडेकडेनं बसले. पाहुणेही आले, त्यांना दुसरी वाट उरली नव्हती. गावडे मामा मधोमध जाऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि संपाच्या पहिल्या दिवसाचं सांगायला लागले.

"थांब," शिंदे म्हणाले. ते जागचे उठले आणि मामांच्या समोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तू फाटकाभाईर हुतास. आत म्या हुतो. आतलं म्या सांगनार."

मामांनी त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. मग एक पाऊल बाजूला सरकले आणि उजेडाची जागा त्यांना मोकळी करून दिली.

"सांग," ते म्हणाले. "मगे मी सांगतंय, तू खय खय खोटा बोललंस ता."